बोडीचा नकाशा

बालाघाट शहराला लागून आमच्या धानाच्या चार बांध्या होत्या आणि त्यांच्या वरच्या अंगाला एक लहानशी बोडी. 1988 साली आम्ही भावांनी ती बोडी मुरमाने भरली आणि प्लॉट पाडले. आबाजी ओसरीवरून एवढेच म्हणाले, "बोडी बुजवता, मंग पानी ठेवाल कोठी?" मी तेव्हा नोकरीत उपयंत्री होतो, रस्त्याखालच्या मोऱ्यांचे हिशेब रोज मांडत होतो. तरीही हसलो.

आबाजींचा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. इकडे वर्षाचा पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी समाजाने त्यावर तलाव बांधले; नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. तलावाच्या सांडव्याचे पाणी बोडीत, बोडीचे बांधीत, एका बांधीचे धुऱ्यावरून दुसरीत आणि उरेल ते नाल्यात, अशी ही उतरंड. कोणाच्या शेतातून कोणाचे पाणी जाईल, ही वहिवाट गावच्या 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदवण्याची सोय 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेनेही ठेवली.

मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तेव्हा भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, आपण इकडे राहिलो. तिकडे माजी मालगुजारी तलावांचे 'मामा तलाव' झाले. भाच्यांनी मामाची काळजी किती घेतली, तो विषय वेगळा! पण मोठे तलाव निदान सरकारी कागदावर राहिले. आमच्यासारख्यांच्या खासगी बोड्यांना कोण विचारणार? शेतीचे घरठाण करायचे तर गोंदियाकडचे पाहुणे एन.ए. म्हणतात, आम्ही डायवर्शन म्हणतो. बोडी दोन्हीकडे सारखीच बुजते.

आता हिशेब सांगतो. आयर्लंडच्या मलव्हेनीने 1851 मध्ये विचार मांडला, अमेरिकेत कुइचलिंगने 1889 मध्ये तो शहरी गटारांना लावला: पावसाचा जोर, क्षेत्र आणि जमिनीचा गुणांक यांचा गुणाकार. एका हेक्टरवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी होते. वीतभर धुऱ्याची बांधी श्रावणात अर्धी भरलेली असली, तरी ते पोटात घेते. त्याच हेक्टरवर छते आणि सिमेंट आले की गुणांक 0.9 धरावा लागतो. मग सेकंदाला सुमारे 125 लिटर पाणी बाहेर पडते. आमच्या प्लॉटांच्या नालीत त्याच्या निम्मेही मावत नाही. ती नाली मीच आखली होती, रस्त्याच्या कडेने, सरळ. जमिनीचा उतार तिरपा होता.

निवृत्तीनंतर पटवाऱ्याकडे जुना नकाशा पाहिला. बोडीतून निघालेली पाण्याची रेघ आमच्या बैठकीच्या खोलीखालून जाते. दर पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात फरशी का फुगते, ते तेव्हा कळले. आबाजी तोवर नव्हते.

यंदा मृगाआधी मी कंपाउंडच्या भिंतीत दीड फुटाची मोरी काढली. खालच्या शेजाऱ्याची भिंत अजून तशीच आहे. तो म्हणतो, "काका, तुमचे पाणी माझ्याकडे कशाला?" त्याला काय सांगावे? प्लॉट मीच विकला होता.