सर्वशक्तिमान रूटला नकार कोण देतो? ‘परमिशन डिनाइड’मागचा इतिहास

१/ कंटेनरमधील प्रोग्राम ‘रूट’ म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालू असतो. तरीही एखादी फाइल उघडताना उत्तर येते : ‘परमिशन डिनाइड’. सर्वाधिकाऱ्यालाच नकार कसा? या कोड्याची मुळे युनिक्सच्या जन्मापर्यंत जातात. #थ्रेड

२/ बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून युनिक्स घडवली. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, माणसांची नावे कळत नाहीत. कळतात ते क्रमांक. फाइलच्या मालकाला क्रमांक, प्रक्रियेलाही क्रमांक. दोहोंचा मेळ पाहून परवानगी ठरते. अपवाद एकच : क्रमांक ०. तोच रूट. त्याला आडकाठी नाही.

३/ १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएच-रूट’ आले. एका डिरेक्टरीलाच प्रक्रियेचे संपूर्ण विश्व भासवण्याची ही सोय. १९९१मध्ये बेल लॅब्सच्या बिल चेस्विक यांनी ‘बर्फर्ड’ या खात्यावरून वावरणाऱ्या घुसखोराला अशाच कोठडीत खेळवत ठेवले. मात्र येथे दृष्टी मर्यादित झाली होती, अधिकार नव्हे. आतील रूटला बाहेर निसटणे शक्य होते.

४/ ही उणीव मार्च २०००मध्ये फ्रीबीएसडी ४.०च्या ‘जेल’ने भरून काढली. पॉल-हेनिंग कॅम्प यांच्या या रचनेत रूटचेच पंख छाटले गेले : जेलमधील रूटला कर्नलमध्ये नवा मॉड्यूल घालता येत नसे.

५/ लिनक्सने वेगळी वाट धरली. १९९९च्या २.२ कर्नलपासून रूटच्या अखंड सत्तेचे ‘कॅपॅबिलिटी’ नावाचे तुकडे होऊ लागले. फेब्रुवारी २०१३च्या ३.८ कर्नलमध्ये ‘यूजर नेमस्पेस’ पूर्णत्वास आली. आत ० असलेला क्रमांक बाहेर, उदाहरणार्थ, १००००० ठरू शकतो : घरात राजा, वेशीबाहेर सामान्य प्रजा.

६/ पुढच्याच महिन्यात सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर जगासमोर मांडले. फेब्रुवारी २०१६च्या १.१० आवृत्तीत यूजर नेमस्पेसची सोय आली, पण ऐच्छिक. नेहमीच्या मांडणीत आतील ० हा होस्टवरही ०च असतो. फक्त सुमारे ४० कॅपॅबिलिटींपैकी १४ त्याच्या हाती उरतात. पहिल्या कोड्याचे एक उत्तर हे : मुकुट आहे, पण अधिकारांची वाटणी झाली आहे.

७/ दुसरे उत्तर क्रमांकांत आहे. होस्टवरील डिरेक्टरीचा मालक १०००; कंटेनरमधील डेबियनचा वेब सर्व्हर चालतो ३३ या क्रमांकाने. कर्नल मेळ पाहतो आणि दार लावतो. आत-बाहेर नाव एकच असले, तरी क्रमांक भिन्न असल्यास निकाल तोच. म्हणून तपास क्रमाने व्हावा : आधी मालकीचे क्रमांक, मग नेमस्पेसमधील रूपांतर, मग कॅपॅबिलिटी. फेडोरासारख्या प्रणालींत त्यानंतर एसईलिनक्सचे लेबल.

८/ घाईत मात्र फाइलवर ‘७७७’ लावले जाते, किंवा कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ करून चालवला जातो. त्रुटी नाहीशी होते, तिच्याबरोबर संरक्षणही. हा इलाज रोगाहून भयंकर ठरतो.

९/ आतील रूट हा बाहेरचाही रूट असण्याचे मोल फेब्रुवारी २०१९मध्ये दिसले. कंटेनर चालवणाऱ्या ‘रनसी’ या साधनात असा दोष उघड झाला, की दुष्ट कंटेनरला होस्टवरील रनसीचीच फाइल बदलता येई. कुंपणच शेत खाऊ शकले असते. जेथे आतील ० बाहेर ० नव्हता, तेथे हा हल्ला अडत होता. कारण त्या फाइलचा मालक होस्टचा रूट होता आणि क्रमांकांचा मेळ बसत नव्हता.

१०/ म्हणजे ज्या नकाराने काम अडते, त्याच नकाराने तेथे यंत्र वाचले. म्हणून ‘परमिशन डिनाइड’ दिसताच सारी दारे सताड उघडू नयेत. कोणते दार अडले ते ओळखून तेवढीच किल्ली द्यावी.