हायब्रीड : ज्वारीपासून गाडीपर्यंत

२०२३ साली जैनाबादेतील आमच्या ओट्यासमोर नवी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा शेजारच्या वयोवृद्ध काकूंनी विचारले, "हायब्रीड म्हणजे त्या ज्वारीसारखी का हो?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तापीच्या या तीरावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत हा शब्द शेतातून आला. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली प्रसारित झाली. पुढे दुष्काळाच्या दिवसांत हायब्रीड ज्वारीने कित्येकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. परंतु तिच्या भाकरीला गावरान चव नाही, हा ठपका काही पुसला गेला नाही. पोट भरले, विश्वास मात्र बसला नाही. गाडीलाही हाच अविश्वास वारशाने मिळाला आहे. तो कितपत रास्त आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

दोन शक्तींवर चालणारी गाडी ही कल्पना आजची नव्हे. १९०० च्या सुमारास व्हिएन्नातील लोनर कारखान्यात फर्डिनांड पोर्शे याने पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून ती चाकांतील मोटरांना पुरविणारी गाडी सिद्ध केली होती. पुढे स्वस्त पेट्रोलच्या युगात ही वाट जवळजवळ बुजली. ती पुन्हा रुळली ती डिसेंबर १९९७ मध्ये, टोयोटाची 'प्रियस' जपानच्या बाजारात आली तेव्हा.

आपल्या देशात २००८ साली होंडाने 'सिव्हिक हायब्रीड' आणली. पण वीस लाखांवरची ती गाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर होती. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने चालू गाडीलाच बसविता येईल असा 'रिव्होलो' नावाचा संच जाहीर केला. मराठी मातीतील हा प्रयत्न कौतुकास्पद होता, परंतु तो घरोघरी पोचू शकला नाही. २०१५ मध्ये मारुतीची 'सियाझ' सौम्य हायब्रीड रूपात आली. तिच्यातील विद्युत-यंत्रणा इंजिनाला हातभार लावी. एकटीने गाडी ओढीत नसे. मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाड्यांत खरी, म्हणजे काही अंतर केवळ विजेवर धावणारी हायब्रीड सर्रास दिसू लागली ती २०२२ नंतर.

तिचे मर्म समजून घेण्यास बुऱ्हाणपूरकरांना दूर जावयास नको. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानांच्या काळी सिद्ध झालेला कुंडी भंडारा सातपुड्याच्या पोटात झिरपणारे पाणी अडवितो आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणतो. हायब्रीडमध्येही असेच वाया जाणारे अडविले जाते. ब्रेक लावताना जी गती उष्णता होऊन उडून जाते, तिचा काही भाग मोटर वीज करून बॅटरीत साठविते आणि पुन्हा गाडी हलविताना तीच वीज वापरते. म्हणूनच शनवाऱ्याच्या गर्दीत, थांबत-सरकत जाताना, ही गाडी सर्वाधिक बचत करते. सरळ महामार्गावर ब्रेकच कमी लागतात, त्यामुळे तेथे लाभ घटतो. इंदूरहून येताना भेरूघाट उतरताना बॅटरी भरू लागते. ती भरली की वीज साठवावयास जागा उरत नाही, आणि इंजिनाचा अवरोध वापरूनच उतरावे लागते. चालविणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आम्ही विजेची गाडी न घेता ही का घेतली? घरासमोरच्या बोळात गाडी चार्ज करण्याची सोय नव्हती आणि घरातील रुग्णास घेऊन अवेळी इंदूर गाठावे लागे. हायब्रीडला पेट्रोल पुरे होते. अडचणी अर्थातच निघाल्या. बॅटरीने सामानाची बरीच जागा व्यापली आहे. एकदा पंधरा दिवस उभी राहिल्यावर गाडी मुकी झाली. मोठी बॅटरी ठीक होती, परंतु सारी यंत्रणा जागी करणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरली होती. गल्लीतल्या मेकॅनिकने दुसऱ्या गाडीच्या वायरी जोडून काम भागविले.

आता हिशेब. सरकारी चाकरीत खतावणी तपासण्याची खोड लागलेली, ती सुटत नाही. जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देई, ही बावीस देते. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरल्यास सुमारे २५५ लिटर वाचतात. लिटरला १०७ रुपये धरले तर सत्तावीस हजार रुपये. गाडीसाठी अडीच लाख अधिक मोजले असतील, तर ते फिटावयास नऊ वर्षांहून अधिक लागतात. बॅटरीची हमी मात्र आठच वर्षांची. करानेही हात दिला नाही. जुलै २०१७ पासून आमच्यासारख्या हायब्रीडवर उपकरासह ४३ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे, तर विजेच्या गाडीवर ५ टक्केच.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाला उत्तर असे, की ज्वारीप्रमाणे हिनेही अडल्या वेळी साथ दिली. पैशाच्या हिशेबात ती आमच्यासारख्या निवृत्ताला परवडली, असे मात्र म्हणवत नाही. ज्या घरची गाडी दिवसभर शहरात फिरते, त्यांना ती लवकर फळेल. इतरांनी आपले वर्षाचे किलोमीटर आधी वहीत मांडावेत, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.