तळटीप : ‘सुवर्णत्रिकोणाचा मध्य’

मुंबई–पुणे–नाशिक या त्रिकोणाचा ‘मध्य’ लेखकाने मोघम सोडला आहे. पण त्रिकोणाला मध्य अनेक. पुठ्ठ्यावर हा त्रिकोण कापून तो सुईच्या टोकावर तोलला, तर सुई जिथे टेकेल तो मध्यगासंपात. तो भीमाशंकरच्या उत्तरेस, मुरबाडच्या अंगाला पडतो. तिन्ही शहरांपासून सारख्या अंतरावर असते ते परिकेंद्र. इथे ते नाणेघाटाच्या आसपास येते, प्रत्येक शहरापासून हवाई अंतर साधारण ८५ किलोमीटर. सातवाहनकाळी जुन्नरचा माल याच घाटाने कल्याणकडे उतरे, हा निव्वळ योगायोग, पण मोठा गोड! तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो शिरोलंबसंपात बदलापूर–कर्जत पट्ट्यात जातो. हे तिन्ही बिंदू एका रेषेत येतात आणि मध्यगासंपातापासून शिरोलंबसंपात हा परिकेंद्राच्या दुप्पट अंतरावर असतो, हे ऑयलरने १७६५मध्ये दाखवले. अंतर्वर्तुळाचे केंद्र मात्र या रेषेवर सहसा येत नाही. त्रिकोण समद्विभुज असेल तरच येते, आणि आपला तसा नाही. मुंबईचा बिंदू बोरीबंदर धरला की हे सारे थोडे सरकते. लेखकाच्या मनात बहुधा परिकेंद्र असावे, कारण पुढे ते ‘तिघांना सारखेच लांब’ म्हणतात. — संपा.