कर्करोगाच्या गाठीशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी

चाकण, भोसरी, तळवडे परिसरातील कारखान्यांमध्ये होणाऱ्या आरोग्य तपासणीच्या अहवालात पांढऱ्या रक्तपेशींचा आकडा हमखास असतो. प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणतः ४ हजार ते ११ हजार असतात. आकडा वाढला की जंतुसंसर्गाची शंका घेतली जाते. मात्र याच पेशी कर्करोगाच्या गाठींचाही मुकाबला करतात, याची अनेकांना कल्पना नसते.

शत्रूची ओळख

जंतू बाहेरून येतात. कर्करोगाची पेशी मात्र शरीराचीच असते. त्यामुळे तिला ओळखणे हेच मोठे आव्हान ठरते. जनुकांत बिघाड झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर विकृत प्रथिनांचे तुकडे दिसू लागतात. डेंड्रायटिक पेशी असे तुकडे टिपून लसिका ग्रंथींत नेतात व 'टी' पेशींना दाखवतात. त्यानंतर मारक 'टी' पेशींची संख्या वाढते आणि त्या गाठीत शिरतात. परफोरिन या प्रथिनाने त्या कर्करोगपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतात आणि ग्रँझाइम नावाची विकरे आत सोडून तिला मरणास प्रवृत्त करतात. काही कर्करोगपेशी आपली ओळख दर्शवणारे रेणूच लपवतात. त्यांचा समाचार 'नॅचरल किलर' पेशी घेतात.

गाठीचा बचाव

गाठही स्वस्थ बसत नाही. 'टी' पेशींवर 'पीडी-१' नावाचा एक प्रकारचा ब्रेक असतो. अनेक गाठी तो दाबून हल्ला थोपवतात. काही वेळा मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींनाही फितवून गाठ त्यांच्याकडून रक्तवाहिन्या वाढवून घेते. हे ब्रेक सैल करण्याचा मार्ग दाखवणारे जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चाकणचा वाटा

वाहन उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये एन्झीन बायोसायन्सेस ही कंपनी जैविक औषधे तयार करते. सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची जैवसदृश आवृत्ती या कंपनीने विकसित केली आहे. तोंड व घशाच्या कर्करोगात हे औषध वापरतात. ते कर्करोगपेशीला वाढीचा संदेश मिळू देत नाही. शिवाय त्याचे दुसरे टोक 'नॅचरल किलर' पेशींना हल्ल्यासाठी पाचारण करते. तंबाखू व गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळणाऱ्या आपल्या देशात या औषधांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मुंबईतील पाऊल

पवईची आयआयटी व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून 'नेक्सकार-१९' ही उपचारपद्धती साकारली. रुग्णाच्याच 'टी' पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. 'बी' पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमामध्ये अन्य उपचार निष्फळ ठरल्यास ती वापरतात. २०२३ मध्ये तिला देशात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशातील अशा उपचारांच्या तुलनेत तिचा खर्च बराच कमी असला, तरी तो लाखांच्या घरात जातो. स्तन, फुप्फुस, तोंड यांच्या गाठींवर ही पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

हे लक्षात ठेवा

• पांढऱ्या पेशींचा आकडा सामान्य असणे म्हणजे कर्करोग नसल्याची हमी नव्हे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे व गोळ्या गाठ विरघळवतात, याला शास्त्रीय आधार नाही.

• केमोथेरपीमुळे या पेशी घटतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

• तोंडातील व्रण तीन आठवड्यांत न भरल्यास, पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास किंवा तोंड पूर्ण उघडत नसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. गाठ लहान असतानाच उपचार झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.