इंजिन आलं, मागणी गेली

ओमती नाल्याच्या काठावर उभे राहा. तारीख ७ मार्च १८७०. जबलपूरच्या उन्हाला आता धार चढू लागली आहे. शेजारी मिर्झापूर रस्त्याचा एक गाडीवान बैलांना पाणी दाखवतोय. नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्षानुवर्षं याच वाटेनं गंगेकाठी गेला. आज मात्र त्याचे कान स्टेशनाकडे लागले आहेत.

तुम्हीही तिकडेच चला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आलेत, राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरा आलाय. भुसावळवरून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची (जीआयपी) लाइन इथं अलाहाबादकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेला जोडली जातेय. आता मुंबईहून कलकत्त्याला रुळांवरूनच जाता येईल. गर्दीतून वाट काढत इंजिनाजवळ जा. बॉयलरची धग गालांना लागेल आणि वाटेल, विलायत आणि आपल्यातलं अंतर आज मिटलं.

ते मिटलेलं नाही. इंजिन विलायतेतून आलंय आणि पुढचंही तिथूनच येणार आहे. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना सरकारनं पाच टक्क्यांची हमी दिली आहे. तूट आली तर ती रयतेच्या करातून भरली जाते. मग इथं स्वस्तात इंजिन बांधायची खटपट कोण कशाला करील?

दोन वर्षं पुढे, १८७२ मध्ये जा. जपानची पहिली रेल्वे आत्ता कुठे सुरू होतेय, तीही इंग्रजी इंजिनांवर. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी तिच्याआधी १९ वर्षं धावलेली. १८९३ साली कोबेच्या कारखान्यात जपाननं आपलं पहिलं इंजिन बांधलं, एका इंग्रजाच्याच देखरेखीखाली. १८९५ मध्ये अजमेरनं बांधलं, १८९९ मध्ये जमालपूरनं. फरक अवघा दोन वर्षांचा! म्हणजे आपल्या कारागिरांचे हात कमी पडले, हे म्हणणं टिकत नाही. फाटे फुटले ते यानंतर. जपानी सरकारनं देशी कारखान्यांना मागणी दिली आणि १९१०च्या दशकात बाहेरून इंजिनं आणणं जवळजवळ थांबवलं. आपल्याकडची मोठी मागणी विलायतेतल्या कारखान्यांकडेच जात राहिली. चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडायला १९५० उजाडलं.

इंजिनाची ही गोष्ट तोफेचीही आहे. आता ओमतीला परत या, पण १९०४ मध्ये. गावात गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली आहे. नाव नीट वाचा: इथं तोफेचा गाडा बनायचा आहे, तोफ नव्हे. घाम इथला.

मधली वर्षं सोडून देऊ. १९८६: स्वीडनच्या बोफोर्सकडून ४१० तोफांचा करार. त्यात तोफा इथं बनवण्यासाठीचं तंत्रज्ञानही मिळणार होतं. आराखडे आले. पुढच्याच वर्षी दलालीचं प्रकरण फुटलं आणि कागद बासनात गेले. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर याच तोफा गरजल्या, तरी घरच्या कारखान्यांना नवी तोफ बांधायला कोणी सांगितलं नाही. ते सांगणं आलं २०१०नंतर.

आणि मग बघा काय झालं. बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची, म्हणजे तिच्या तोंडाच्या व्यासाच्या ३९ पट लांब होती. तेच कागद पुढे ठेवून ४५ कॅलिबरची 'धनुष' तोफ उभी राहिली. नळी कानपूरची, जुळणी जबलपूरच्या त्याच तोफगाड्यांच्या कारखान्यात. सगळं सुरळीत झालं असं नाही. जर्मन म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयनं २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला. चांगलं बेअरिंग घरात बनत नसेल, तर तेवढं अंतर अजून उरलेलंच आहे.

८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा धनुष तोफा सैन्याच्या हवाली झाल्या. कराराला तोवर ३३ वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी कोणी मागणीच न नोंदवल्यानं गेली.