विषमता आणि लोकमानस

धनिक व निर्धन यांमधील अंतर प्रत्येक देशांत असतें. परंतु तें सर्वत्र सारखेंच बोचत नाहीं. कोठें मोठें अंतरहि निमूटपणें सोसलें जातें, तर कोठें लहानशा अंतरानेंहि लोक प्रक्षुब्ध होतात. असें कां व्हावें? अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनीं १९७३ सालीं याचें उत्तर एका दृष्टांतानें दिलें. बोगद्यांत मोटारींच्या दोन रांगा खोळंबल्या आहेत. शेजारची रांग हलूं लागली कीं अडकलेल्या माणसास प्रथम आनंदच होतो. आतां आपलीहि पाळी येईल, असें त्यास वाटतें. पुष्कळ वेळ लोटूनहि आपली रांग जागची हलेना, म्हणजे त्याच आशेचा संताप होतो. पुढें जाणारीं माणसें परकीं वाटत असतील, तर हा धीर लौकरच सुटतो.

नव्या मुंबईच्या इतिहासांत या दृष्टांताची प्रचीति येते. मार्च १९७० मध्यें सिडको या नगरविकास महामंडळाची स्थापना झाली, व ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची भूमि नव्या शहराच्या आराखड्यांत आली. भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना जमिनीचा रोख मोबदला एकदांच मिळावयाचा होता. त्या भूमीचें मोल मात्र शहरासवें वाढतच जाणार होतें. त्या वाढीचा लाभ कोणास, हा खरा प्रश्न होता.

असा प्रश्न विचारण्याची परंपरा या भागांत जुनीच होती. पनवेल व उरण तेव्हां ज्या कुलाबा जिल्ह्यांत मोडत, त्याच जिल्ह्यांतील चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारून सहा वर्षें शेतें पडीक ठेविलीं होतीं.

१६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण भागांत पोलिसांनीं गोळीबार केला. पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. पुढें, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें तत्त्व मान्य झालें. त्यानें सर्वांची संपत्ति समान झाली नाहीं. खोळंबलेल्या रांगेस पुढें सरकण्यापुरती वाट मिळाली. पण तेवढ्यासाठींहि पांच जीव खर्चीं पडले, हें या शहराच्या वैभवाकडे पाहतांना विसरतां येत नाहीं.