मेलबॉक्स स्थलांतर

मेलबॉक्स स्थलांतर म्हणजे एखाद्या कंपनीच्या अथवा संस्थेच्या ई-मेल खात्यांतील टपाल, फोल्डर आणि शक्य असल्यास संपर्क-यादी व दिनदर्शिका एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची प्रक्रिया होय. यात ई-मेल पत्ता सहसा तोच राहतो. टपाल स्वीकारणारी व साठवणारी यंत्रणा तेवढी बदलते. जुने टपाल नव्या जागी नेणे हा या कामाचा सोपा भाग असून, बदलाच्या दिवसांत येणारे नवे टपाल चुकीच्या जागी न पडू देणे हा कठीण भाग आहे.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. पुढील काळात मोठ्या कंपन्यांनी स्वतःचे मेल सर्व्हर उभारले, तर असंख्य लहान पेढ्यांनी संकेतस्थळाच्या होस्टिंगसोबत मिळणारी ई-मेल खातीच वापरली. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथून क्लाउड सेवा सुरू केल्यावर माहिती देशातच ठेवून क्लाउडवर जाण्याचा मार्ग मोकळा झाला. एक्सचेंज सर्व्हर २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने स्वतःचा सर्व्हर असलेल्या कंपन्यांनाही निर्णय घेणे भाग पडले.

देशातील या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण शासकीय आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरील सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती २०२५ पर्यंत झोहो या चेन्नईस्थित कंपनीच्या मंचावर नेण्यात आली. पत्त्यांतील शासकीय डोमेन मात्र कायम राहिले.

पूर्वतयारी

पहिला प्रश्न टपाल खरोखर कोठे आहे, हा असतो. लहान कार्यालयांत बहुधा पॉप पद्धतीने टपाल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून पुसले जाते. अशा ठिकाणी नवा सेवादार सर्व्हरवरचे सर्व काही हलवतो आणि तरीही अनेक वर्षांचा पत्रव्यवहार मागे राहतो, कारण तो लेखापालाच्या संगणकावरील आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये असतो. अशा फाइली वेगळ्या चढवाव्या लागतात. आयमॅप पद्धतीने केलेल्या स्थलांतरात टपाल व फोल्डर येतात; संपर्क-यादी, दिनदर्शिका व टपाल-नियम येत नाहीत.

सर्व्हरवरून सर्व्हरवर नक्कल होताना कार्यालयाची नेटजोडणी फारशी लागत नाही; पीएसटी फाइली चढवताना मात्र तीच निर्णायक ठरते. समजा, नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथील एखाद्या कांदा निर्यातदार पेढीत २० खाती आहेत व प्रत्येकाची फाइल ५ जीबीची आहे. एकूण १०० जीबी टपाल सेकंदाला २० मेगाबिट अपलोड वेगाने चढविण्यास निव्वळ गणिताने ११ तासांहून अधिक वेळ लागतो. वीज वा जोडणी खंडित झाल्यास तो वाढतो. म्हणून जुने टपाल आधीच्या आठवड्यात हलवून शेवटच्या रात्री फक्त फरक उतरविणे सोयीचे असते.

दिशाबदल

एखाद्या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे त्याच्या एमएक्स नोंदीवरून ठरते. ही नोंद जगभरातील सर्व्हर काही काळ स्मरणात ठेवतात. तो काळ २४ तासांचा असेल तर बदलाच्या एक-दोन दिवस आधी तो ५ मिनिटांवर आणतात.

नवा सर्व्हर काही वेळ बंद असला तरी टपाल सहसा हरवत नाही, कारण पाठविणारा सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. खरा धोका चालू राहिलेल्या जुन्या सर्व्हरचा असतो. या डोमेनचे टपाल आपलेच आहे असे तो मानत राहतो आणि एमएक्स नोंद न पाहता ते स्वतःच्या पेटीत टाकतो. संकेतस्थळ त्याच सर्व्हरवर असल्यास तेथील चौकशी-अर्जातून आलेली मागणी जुन्या पेटीत पडून राहते. चूक दाखविणारा संदेश कोणालाच मिळत नसल्याने ती उघडकीस येण्यास आठवडे लागू शकतात. हे टाळण्यासाठी जुन्या सर्व्हरवर डोमेनची नोंद ‘बाहेरील’ अशी करणे आवश्यक असते.

एसपीएफ नोंदीत नव्या सर्व्हरचा समावेश नसेल तर पाठविलेली बिले ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी चालत नाहीत. जुनीतच भर घालावी लागते. ई-मेल पाठविणारे स्कॅनर व हिशेबाची सॉफ्टवेअर यांतही नवा सर्व्हर नोंदवावा लागतो, ही बाब नेहमी विसरली जाते.

मराठी मजकुराचे प्रश्न

आयमॅपच्या प्रचलित आवृत्तीत देवनागरी फोल्डर-नावे ‘सुधारित यूटीएफ-७’ या संकेतनात साठविली जातात. साधनाने ते नीट न वाचल्यास ‘पावत्या’ हे नाव ‘&’ चिन्हाने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली जुनी पत्रे जशीच्या तशी हलतात, परंतु मूळ फॉन्ट संगणकावर नसल्यास वाचता येत नाहीत. हा दोष स्थलांतराचा नसला तरी तो तेव्हाच लक्षात येतो आणि खापर नव्या सर्व्हरवर फुटते.

जुना सर्व्हर बंद करणे

होस्टिंगची मुदत संपताच खात्यांतील टपालही पुसले जाऊ शकते. त्यामुळे जुनी सेवा किमान एक महिना चालू ठेवून प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या दोन्हीकडे ताडून पाहतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके व संबंधित व्हाउचर ८ वर्षे जपावी लागतात. त्यांचा काही भाग ई-मेलच्या जोडपत्रांतच असेल, तर नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांचीही प्रत काढून ठेवावी लागते.